बघून झालं असेल तर

नाशिकरोडला, जेलरोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर.
हे नोटांच्या प्रेसमध्ये, तपासणीला.
दिवसभर डोळ्यांखालून पैसा जायचा,
इतका, की रात्री झोपेतही बोटं चाळवायची.
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
घरी आले की तेच खिसे मी पुन्हा उलटे करायचे:
रुमाल, बसचं तिकीट, सुपारीचं खांड.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं,
अहो, एखादी वाया गेलेली तरी?
हसले नाहीत.
म्हणाले, वाया गेलेलीसुद्धा मोजून घेतात.

मग मी माझा छापखाना काढला.
मशिन नव्हतं. कात्री होती.
टूथपेस्टची ट्यूब पोटात कापली की आठ दिवस निघतात.
साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीच्या पाठीवर बसवायचा,
ओला असतानाच, नाहीतर धरत नाही.
चादर मधोमध विरते, कडा धडधाकट असतात;
उभी फाडायची, कडेला कड शिवायची.
ह्यांना शिवण टोचायची पाठीला.
मी म्हणायचे, सरकून झोपा.

भाताला उकळी आली की गॅस बंद,
पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात.
पाहुणे विचारायचे, कोण झोपलंय?
सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर पेन्सिलीनं.
एकदा एकसष्ट दिवस गेला.
गायधनींच्या सुलभाला खरं वाटेना,
येऊन टाकी हलवून बघून गेली.

बाजाराला जायचं ते बाजार उठताना.
द्राक्षांच्या दिवसांत घडातून गळलेले मणी
पाटीच्या तळाशी राहतात, त्यांना कोणी विचारत नाही.
मी विचारायचे.
थोडे खायचे, उरलेले गच्चीवर, जुन्या साडीखाली.
वृषालीला कितीतरी वर्षं वाटायचं
बेदाणे गच्चीतच येतात.

सगळंच जमलं असं नाही.
एकदा कॉस्टिक आणून साबण घरी करायला गेले,
तळहात सोलून निघाले,
डॉक्टरला दोनशे रुपये. ते अजून सलतात.
हात नाही, दोनशे.

वाचलेलं एका जागी ठेवू नये, एवढं मला कळत होतं.
साबणाचे हळदीच्या डब्याखाली,
गॅसचे देवाच्या फोटोमागे,
बाजारातले एका फुटक्या थर्मासमध्ये,
ज्यात चहा गार होतो म्हणून कोणी हात लावत नसे.
शंभर झाले की वाण्याकडून नोट करून आणायची.
सुटे खर्च होतात. नोट जरा लाजते.

वृषालीचं पॉलिटेक्निकला नाव लागलं त्या वर्षी
तेवीस तारीख, पगार लांब,
सहा हजार चारशे कमी.
हे कोणाकडे मागावेत याची यादी करत बसले होते,
कॅलेंडरच्या मागे. कागद तेवढा मीच दिला.
मग उठले आणि थर्मास आणला, डबा आणला, फोटो उतरवला.
चौसष्ट नोटा. काही हळदीनं पिवळ्या.

कुठून आल्या, विचारलं नाही.
स्टूल ट्यूबखाली ओढलं
आणि एकेक नोट उजेडात धरायला लागले,
उलट, सुलट, कड, धागा.
घरात असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या नोटेला थांबले.
नंबरातला एक आकडा किंचित खाली बसला होता;
मला दाखवला तरी दिसेना.

ही सुटली, म्हणाले. ही माझ्या हाताखालून सुटली असेल.
कान लाल झाले होते.
एकवीस वर्षं मला वाटत होतं, एकही सुटली नाही.

मी विचारलं, चालते ना?
चालते.
मग ठेवा गठ्ठ्यात.

पण खाली ठेवेनात.
पुन्हा उजेडात धरली, पुन्हा उलटली,
जणू कोणी लांब गेलेलं
न कळवता घरी आलं होतं.
बाहेर पॅसेजमध्ये मीटरची चकती फिरत होती,
मला इथून ऐकू येते ती.

बघून झालं असेल तर, मी म्हटलं,
ट्यूब घालवा.